रतनच्या नावाचा वाटा

बारामती
रविवार, १४ जानेवारी २०२४

मालनआत्या,
जयभीम.

डबा साडेनऊला मिळाला. सौरभने मासळी बाजाराच्या कोपऱ्यावर टेम्पो उभा केला, बर्फातून डबा काढून दिला आणि म्हणाला, "मासळीचा वास लागला असला तर आत्याला कळवू नका, मला बोलणी बसतात." वास लागला नव्हता. रिकामा डबा, पिशवी आणि वाट्याचे चारशे रुपये त्याच्याकडे परत देत आहे. पैसे पत्राच्या घडीत आहेत, मोजून घे.

फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून पत्र लिहिते, पण खरं सांगायचं तर मला पत्रच बरं वाटतं. शाळेत जायच्या आधी तू मला ओसरीवर बसवून ज्वारीच्या दाण्यांवर आकडे आणि राखेत अक्षरं शिकवलीस. पत्रात खाडाखोड चालेल, खोटं चालणार नाही, हेही तुझंच. त्यामुळे लिहायला बसले की आपोआप खरं लिहिलं जातं.

तर खरं असं आहे की तुझ्या डब्याशिवाय आमचं निभलं नसतं. महिन्याच्या किराण्यात मी मटणाला आठशे रुपये धरलेत. इथल्या दुकानात आठशेला एकच किलो येतं, तेही अर्धं हाडांचं. तुझ्या वाट्यामुळे महिन्यात दोनदा होतं. शोरूममधे दिवसभर मी दुसऱ्यांच्या गाड्यांची बिलं करते आणि घरी आले की डाळीचा भाव बघून पाव किलो घेऊ की अर्धा, यावर दुकानात उभी राहते.

आईला जाऊन आता आठ महिने होतील. अप्पा इथे आले तेव्हापासून खिडकीजवळच्या खाटेवर असतात. डावा हात अजून तितकासा उचलला जात नाही. फोन त्यांनी बंद करून फळीवर ठेवलाय. रोज अर्धी भाकरी खातात. पण डबा येतो त्या रविवारी स्वतः उठून ओट्याजवळ खुर्ची ओढतात आणि आधी तुझं पत्र वाचून दाखव म्हणतात.

आज त्यांनी एक विचारलं, ते तुला विचारते. वस्तीवर असताना आठ घरं मिळून बोकड घ्यायची, आठ ढीग लागायचे. एकजण पाठ करून उभा राहायचा, दुसरा ढिगावर काडी टेकवून "हा कुणाचा?" म्हणायचा आणि पाठमोरा माणूस नाव घ्यायचा. मग त्या नावावर कुणाची तक्रार नाही. वाटा आणायला आईच जायची, म्हणून आपल्या घराचं नाव 'रतन'च पडलं होतं. अप्पांनी विचारलं, "आता आपल्या ढिगाला नाव कुणाचं घेत्यात?"

आईचं नाव मात्र त्यांनी घेतलं नाही. ती गेल्यापासून ते घेतच नाहीत.

आणखी एक. दिवाळीपर्यंत वाट्यात वजडी आणि काळजाचा एखादा तुकडा असायचा. आता नसतो. तक्रार नाही, नुसतं विचारलं.

तुझी
मेघना


पळसदेव
२८ जानेवारी

मेघना बाळ,
जयभीम. मी बोलती तशी लिहिती, तू शुद्ध करून वाच.

ह्या बारीला बोकड सोनबातात्याकडचाच व्हता. काळा, भरलेला. सकाळी सातला समाजमंदिरामागं लिंबाखाली आठ ढीग लागलं. पाठ करायला साखरबाईचा संदेश उभा केला. तात्या त्याला म्हणालं, "मागं वळून बघितलंस तर तुझ्या घराला नुसतं खूर." साखरबाई नळीवरनं तंडली. म्हणाली, "माझ्या ढिगाला नळी यायची म्हंजी इलेक्शन लागावं लागतंय." सगळी हसली. सुप्रियाच्या सासऱ्यानं स्वताच्या ढिगातली नळी तिच्याकडं सारली तर म्हणती कशी, भीक नको. आन् घेतली.

तिसऱ्या ढिगावर तात्यानं काडी टेकली. "हा कुणाचा?" संदेश म्हणाला, "रतनकाकूचा."

व्हय. नाव रतनचंच घेत्यात. वाट्याला जी उभी राहिली तिचंच नाव चालतं, माणूस गेलं म्हणून ढीग बदलत न्हाय. अप्पाला सांग.

वजडीचं म्हणशील तर आता ज्याला पायजे तेवढाच घेतो. तुला साफ करायला येळ कुठं हाय. त्याचं मनाला लावून घेऊ नको.

धरणाचं पाणी लवकर उतरायला लागलंय. उन्हाळा कडक हाय म्हणायचा.

मालनआत्या


बारामती
रविवार, ११ फेब्रुवारी

मालनआत्या,
जयभीम.

तुझं पत्र मी अप्पांना दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा वाचताना 'रतनकाकूचा' इथे आले तेव्हा ते मिठाच्या बरणीचं झाकण लावत होते, हात तसाच राहिला. "मालनला आयकू आलं म्हणायचं," ते म्हणाले. मला हसू आलं, तर तेही हसले. मग म्हणाले, "ती ओळ परत वाच." त्या दिवशी त्यांनी दीड भाकरी खाल्ली. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी ते पत्र मागतात. दुसरं काही वाचायचं नाही, फक्त तिसरा ढीग.

इथली एक गोष्ट तुला सांगायची की नाही, ठरत नव्हतं. आमच्या वर घरमालकीणबाई राहतात. खोली घेताना त्यांनी आडनाव विचारलं नव्हतं, ते डिसेंबरात विचारलं. पुढच्या आठवड्यात म्हणाल्या, रविवारी तुमच्या रश्श्याचा वास जिन्यापर्यंत येतो. त्या स्वतः खातात, त्यांच्या घरचा वास मला येतो. आता खिडकी लावून शिजवते, धुराने अप्पांना खोकला येतो. एवढं निगुतीनं करते आणि वाटीभर रस्सा द्यायला शेजार नाही. वस्तीवर आई आधी वाट्या काढायची, मग आपली ताटं. मी पातेल्यावर झाकण ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तेच खाते.

आता मुद्द्याचं. रागावू नकोस. मी गेल्या महिन्यात छोटा काटा घेतला, किराणा मोजून घ्यायला. त्यावर तुझा डबा ठेवून बघितला. तिन्ही वेळा बरोबर एक किलो. दहा ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. वाटा तागडीत घालत नाहीत, डोळ्यांनी आणि हातांनी लावतात, असं तूच सांगायचीस. मग कुणाला थोडं जास्त, कुणाला थोडं कमी यायला हवं. आपलंच दर वेळी मोजून एक किलो कसं? आणि त्यात वजडी नाही, मुंडीचं नाही, काळीज नाही. मला भीती वाटते की आपण हजर नसतो म्हणून आपल्या ढिगातलं कुणीतरी काढून घेतं आणि मग तू ओशाळून वरचं भरून एक किलो करतेस. तुझ्या वाट्यातलं आमच्या डब्यात येत असेल तर मला ते गिळवणार नाही.

अप्पांना काळीज आवडायचं, तुला माहीत आहे. ते मागत नाहीत.

सोनबातात्यांना एकदा लिहून विचारू का?

तुझी
मेघना


पळसदेव
२५ फेब्रुवारी

मेघना,
जयभीम.

तुला दाण्यांवर मोजायला शिकवलं ही माझीच चूक झाली. मटण खायचं का काट्यावर बसवायचं? तात्याला काय लिहू नको. त्येची नजर कमी आली हाय, कागद दुसऱ्या कुणाकडनं वाचून घेतील आन् वस्तीभर व्हईल की अप्पाची पोर वाट्यावर संशय घेती.

तुझ्या डब्यातलं कुणी काय काढत न्हाय. मी वजडी नको म्हणून सांगितलं तवा त्येच्या बदली मटण घालत्यात. झालं समाधान?

अप्पाला काळीज पायजे व्हतं तर आधी सांगायचं. ह्या बारीला येगळ्या पिशवीत धाडलंय. तव्यावर तेलमीठ लावून दे, जास्त शिजवू नको, रबर व्हतं.

ह्या बारीला पाठ करायला सुप्रियाची धाकटी उभी राहिली. पोरगी नावं घेता घेता गाणं म्हणत व्हती. रतनचा ढीग पाचवा निघाला. साखरबाईला नळी मिळाली, आता तिला तक्रार करायला काय राहिलं न्हाय म्हणून ती त्येच्यावर तक्रार करती.

पाणी लई आत गेलंय. धरणात बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर उघडं पडलं. पुण्याहून गाड्या घिऊन लोक फोटो काढायला येत्यात. वस्तीवर येऊन पाणी मागत्यात प्यायला.

मालनआत्या


बारामती
रविवार, ३ मार्च

आदरणीय सोनबातात्या,
सविनय जयभीम.

मी मेघना, तुमच्या वस्तीवरच्या अप्पांची मुलगी, मालनआत्याची भाची. आत्याने मला तुम्हाला लिहू नको म्हणून सांगितलं आहे. तरी लिहिते, कारण गप्प राहिले तर चूक आमच्याकडे राहील.

गेल्या रविवारच्या वाट्यात आमच्या डब्याबरोबर काळीज आलं. मी मोजलं, साडेतीनशे ग्रॅम भरलं, एकाच अख्ख्या काळजाचं. वस्तीवर लहान बोकड घेतात, म्हणजे त्याचं सगळं काळीज आमच्याकडे आलं आणि बाकी सात घरांना काहीच मिळालं नाही. माझी आई असती तर तिने हे चालू दिलं नसतं. अप्पांना आवडतं असं मी आत्याला लिहिलं होतं, म्हणून तिने तुमच्याकडे शब्द टाकला असणार. दोष तिचा नाही, माझा आहे.

कृपा करून पुढच्या चार वाट्यांत आमच्या ढिगाला काळीज लावू नये. साखरबाईंना माझ्यातर्फे सांगावं की हे आम्ही मागून घेतलेलं नव्हतं. सोबत शंभर रुपये आहेत. काळजाचा भाव याहून जास्त असेल तर कळवावे.

आपली
मेघना


पळसदेव
१० मार्च २०२४

चि. मेघनास सोनबातात्याचा जयभीम.

पोरी, तुझं पत्र मी चष्मा लावून स्वता वाचलं, तीन टायमाला वाचलं. तुझे शंभर रुपये ह्या पाकिटात परत हायत.

वस्तीवर दिवाळीपासनं वाटा न्हाय. बंद झाला. साखरबाई पोराकडं भिगवणला गेली, तिला आता सात महिने झालं. सुप्रिया आन् तिच्या घरची सगळी बारामतीला एमआयडीसीत. बाकीची दोन घरं इंदापूरला. राहिलो कोण, तर मी, मालन आन् टोकाच्या घरातला बुद्धघोष, त्यो बी आठवड्याचा निम्मा कुरकुंभला कामावर. तीन घरात बोकड कुणी कापायचा?

तुझी आत्या एका आड एका रविवारी अंधारात उठून पहिल्या गाडीनं भिगवणला जाती. दुकानातनं किलो तोलून घेती, माघारी येऊन सौरभच्या टेम्पोत ठेवती. मला वाटलं तिच्या पोराला धाडत आसंल. आज कळलं. स्वता ती मटण खात न्हाय, धरणातली चिलापी मासळी खाती. मी ईचारलं न्हाय आन् तिनं सांगितलं न्हाय. तिला आयकू येत न्हाय म्हणून माणसं तिच्याशी बोलायची बंद झाली, तवा ती बी कुणाशी बोलत न्हाय.

मी सांगितलं म्हणून मालनला सांगायचं का न्हाय, ते तूच ठरव. तू शिकलेली हायस.

सोनबा


बारामती
रविवार, १७ मार्च

मालनआत्या,

गेल्या रविवारी सौरभने मला दोन पत्रं एकदम दिली. एक तुझं, एक सोनबातात्यांचं. तात्यांचं मी टेम्पोजवळ उभी राहूनच वाचलं. मग घरी आले. अप्पा ओट्याजवळ खुर्ची ओढून बसले होते. मी तुझं पत्र उघडलं आणि वाचलं. त्यात संदेशने पाठ केली होती, साखरबाईने बुद्धघोषला टोमणा मारला होता आणि रतनचा ढीग पहिला निघाला होता. सगळं वाचलं, एक शब्द गाळला नाही. तात्यांचं पत्र माझ्या ओढणीच्या गाठीत होतं.

मी मधेच थांबले. अप्पा म्हणाले, "पुढं वाच."

तू दुकानात आठशे देऊन मला चारशेला देत होतीस. आठ डबे झाले, ती रक्कम काय होते ते मी इथे लिहीत नाही, लिहिली तर तू फाडून टाकशील. मला वाटत होतं की मी मोठी काटकसर करते. शोरूममधल्या मुलीलाही मी ऐटीत सांगितलं होतं की आमचं मटण गावच्या वाट्याचं असतं, स्वस्त पडतं आणि चांगलं असतं. काटकसर तू करत होतीस, स्वतःच्या ताटात. मी खात होते.

पण मला राग पैशांचा नाही. तू मला राखेत अक्षरं शिकवताना सांगितलंस की लिहिलेलं खोटं बोललेल्या खोट्याहून वाईट, कारण ते पुसलं तरी बोटाला लागतं. आणि तूच मला लिहून पाठवलंस की माझ्या आईचं नाव अजून वस्तीवर घेतात. मी ते अप्पांना किती वेळा वाचून दाखवलं, माहीत आहे? आता ते मागतील तेव्हा मी काय करू? वाचलं तर खोटं माझं होतं. नाही वाचलं तर त्यांच्याकडे काय उरतं?

मटण पाठवू नकोस. चारशेला घेणार नाही, आठशेलाही घेणार नाही.

मेघना


पळसदेव
२४ मार्च

मेघना बाळ,
जयभीम.

मटण धाडू नको म्हणालीस म्हणून चिलापी धाडती. चिलापीचं पैशे धाडलेस तर सौरभच हसंल, त्यानंच फुकट दिल्यात.

आता खरं लिहिती. दिवाळीनंतरच्या रविवारी मी डबा घिऊन लिंबाखाली गेली, तर तात्या एकटंच. बुद्धघोष आला न्हाय. तात्यानं हातानं 'न्हाय' म्हणून दाखवलं. मी घरी येऊन डबा धुतला आन् पालथा घातला. मग तुझी चिठ्ठी आली की अप्पा डब्याची वाट बघतो, डब्याच्या दिवशीच जेवतो. काय करायचं व्हतं मी? वाटा बंद झाला म्हणून लिहिलं आसतं तर तू दुकानातनं पाव किलो आणलं आसतंस, त्येच्या ताटात घातलं आसतंस आन् स्वता रश्श्याला भाकरी लावली आसतीस. मला तू म्हाईत हायस.

पयलं नुसतं दोन ओळी खोटं लिहायचं ठरवलं. पण लिहायला बसली आन् सगळी वस्तीच माघारी आली. साखरबाई भांडायला आली. सुप्रियाची पोरगी गाणं म्हणाया लागली, ती पोरगी मी कैक महिने बघितली न्हाय. मला आयकू येत न्हाय गं, पण कागदावर यायचं. पंधरा दिवसातनं एकदा माझ्या घरात आठ घरची माणसं बोलायची. तुझ्या अप्पासाठी लिहिलं म्हणून सांगितलं तर ते बी अर्धं खोटं व्हईल.

रतनचं नाव मात्र मी फुकट घेतलं न्हाय. ती माझी भावजय. ह्या वस्तीवर माझ्या कानापाशी येऊन बोलणारी ती एकटीच व्हती, बाकीची लांबनं वरडायची.

रागव. पण पत्र बंद करू नको.

मालनआत्या


बारामती
मंगळवार, १६ एप्रिल

मालनआत्या,
जयभीम.

उत्तराला तीन आठवडे लागले. रागाने नाही. काय लिहायचं ते आधी करून बघायचं होतं.

अप्पांना मी सांगितलं. वीस दिवस धीर झाला नाही, मग एका संध्याकाळी त्यांनी परत तिसरा ढीग मागितला तेव्हा सांगून टाकलं. ते खिडकीकडेच बघत राहिले. म्हणाले, "मालनला पाच वर्षं झाली आयकू येत न्हाय. काडी टेकून ईचारलेलं आन् पाठमोऱ्यानं सांगितलेलं तिला कसं आयकू आलं? मला पहिल्याच दिवशी कळलं."

मी विचारलं, मग परत परत का वाचायला लावलंत?

"तू वाचायचीस तवा ह्या घरात कुणीतरी तिचं नाव घ्यायचं," ते म्हणाले.

आत्या, मी इतकी मोजणारी आणि मीही घरात आईचं नाव घेतलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. त्यांना त्रास होईल म्हणून मी नाही, मला त्रास होईल म्हणून ते नाहीत.

रविवारी जयंतीच्या मिरवणुकीत मी एकटीच गेले होते. तिथे सुप्रिया भेटली, धाकटी तिच्या खांद्यावर होती. आम्ही एकाच गावात आठ महिने राहतो आणि तात्यांचं पत्र येईपर्यंत मला पत्ता नव्हता. ती म्हणाली, "मटण? दुकानातून अर्धा किलो आणतो, आम्ही सहाजण." मी तिथेच तिला वाट्याचं विचारलं. तिने संदेशला फोन लावला. साखरबाईंनी मागून ओरडून सांगितलं की नळी मिळणार असेल तरच. इंदापूरची दोन घरं नको म्हणाली, एवढ्या लांब डबा टिकणार नाही. बुद्धघोष हो म्हणाला.

म्हणजे सहा घरं झाली. तू, तात्या, बुद्धघोष, भिगवणला साखरबाई, इथे सुप्रिया आणि आम्ही. सौरभचा टेम्पो पळसदेवहून भिगवणवरूनच बारामतीला येतो, बर्फ त्याच्याकडे आहेच. डबे रविवारी पाठवायचे, रिकामे सोमवारी परत. तात्यांनी बोकड चार हजार आठशेला द्यायचं कबूल केलं आहे, कापायला मुलाणीभाईंना तेच बोलावतील. घरटी आठशे पडतात. मुंडी, पाय, वजडी, काळीज धरून ढीग दुकानातल्या किलोपेक्षा नक्की मोठा होईल, पण चारशेत होणार नाही. माझ्या किराण्यात आता महिन्यातून एकदाच बसेल. ठीक आहे. एकदाच, पण खऱ्या भावाचं.

येऊ शकणारं मात्र कुणी नाही. सगळ्यांच्या पाळ्या आहेत, बुद्धघोष त्या दिवशी कामावर आहे, अप्पा प्रवासाला तयार नाहीत आणि त्यांना सोडून मी येऊ शकत नाही. ढीग तात्या लावतील. पाठ करून उभं राहायला तूच आहेस.

५ मे, रविवार. आमचे आठशे सोबत आहेत. मोजून घे.

मेघना


पळसदेव
रविवार, ५ मे २०२४

मेघना बाळ,
जयभीम. हे पत्र अप्पाला सगळं वाच, गाळायचं काय न्हाय.

लिंबाखाली आमी तिघंच. तात्या, मुलाणीभाई आन् मी. सौरभ टेम्पोत बसून घाई लावत व्हता, बर्फ वितळतो म्हणून. कुणी भांडलं न्हाय, कुणी हसलं न्हाय. खोटं लिहायची तवा दोन पानं भरायची. खरं लिहायला एवढंच हाय.

तात्यानं सहा ढीग लावलं. दोनदा मोडून परत लावलं. सगळ्यातलं थोडं थोडं टाकलंय, वजडी बी, काळजाचा बोटभर तुकडा बी. त्यो डबा काट्यावर ठेवशील तर बघ. जास्त निघालं तर तुझं नशीब, कमी निघालं तरी तुझंच.

मी पाठ केली. आता मला 'हा कुणाचा' आयकू येणार कसं? तात्यानं युक्ती केली. ढिगावर काडी टेकली की तीच काडी माझ्या खांद्याला लावायची. मी पाण्याकडं तोंड करून उभी राहिली. पाणी लांब गेलंय, देऊळ पार तळापातूर उघडं झालंय आन् मधी नुसता गाळ, भेगा पडलेला.

पहिल्यांदा काडी लागली तवा आवाजच फुटंना. किती दिवस मी मोठ्यानं बोललीच न्हाय कुणाशी. मग म्हटलं साखरबाई. दुसऱ्याला सुप्रिया. तिसऱ्याला काडी लागली.

मी म्हटलं, रतन.

तात्यानं काडी परत लावली. मला वाटलं आयकू गेलं न्हाय, म्हणून आणखी मोठ्यानं म्हटलं. परत लावली. मी वरडली, रतनचा, रतनचा ढीग. मग मागं वळून बघितलं, नियम मोडून. तात्या चष्मा काढून डोळं पुसत व्हतं. मुलाणीभाईनं हात करून दाखवलं की मिरवणुकीसारखा आवाज झाला, देवळावरची पाखरं उडाली.

अप्पाला म्हणावं, मालनला ह्या बारीला खरंच काय आयकू आलं न्हाय. पण नाव कुणी घेतलं ते तिला ठाऊक हाय.

मालनआत्या